सवतीचं आतडं

माझ्या नवऱ्याच्या फोनमध्ये माझे फोटो कमी आणि कोळंबीच्या आतड्यांचे फोटो जास्त होते. चिडले आहे म्हणून वाढवून सांगते असं समजू नका. एकदा फोनची मेमरी भरली, तेव्हा त्याने आमचे माथेरानचे सगळे फोटो पुसले आणि कोळंबीचे ठेवले. मी विचारलं तर म्हणाला, "माथेरान कुटं जातंय? परत जाऊ." परत गेलो नाही, हे वेगळं सांगायला नको.

कोळंबी उजेडासमोर धरली की तिच्या पाठीतून एक काळसर रेघ डोक्यापासून शेपटीपर्यंत गेलेली दिसते. तेच तिचं आतडं. रेघ भरीव आणि सलग असली म्हणजे कोळंबी पोटभर जेवली आहे आणि तब्येत ठीक आहे. रेघ फिकी पडली, मधेमधे तुटली, की काहीतरी बिघडलं. माझा नवरा रोज सकाळी तळ्यातला ट्रे वर ओढायचा, त्यात आलेली एकेक कोळंबी दोन बोटांत धरायचा, एक डोळा मिटायचा आणि सूर्यासमोर ती रेघ बघत राहायचा. त्याच्या चेहऱ्यावर तेव्हा जी माया असायची, ती मी लग्नाआधीच्या दिवसांत पाहिली होती. तेव्हा ती माझ्यासाठी होती.

आमचं लग्न दोघांच्या मर्जीने झालेलं. मी जुन्या पनवेलमधल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करायचे. तो तळोज्याला एका केमिकल कंपनीत शिफ्टला होता आणि कंपनीच्या मेडिकलसाठी रक्त द्यायला आमच्याकडे आला होता. रक्त मी घेतलं. सुई टोचल्यावर हा माणूस हाताकडे न बघता माझ्याकडे बघत म्हणाला, "तुमी सकालपासून काय खाल्लेलं नाय वाटतं." खरंच खाल्लेलं नव्हतं. समोरच्या गाडीवरून तो वडापाव घेऊन आला, आणि एवढ्याशा गोष्टीवर मी भाळले. आता वाटतं, तेव्हाच ओळखायला हवं होतं की या माणसाला दुसऱ्याच्या पोटात लक्ष घालायची खोड आहे.

नवीन पनवेलला आम्ही दोन खोल्यांत संसार मांडला. त्याचं गाव खाडीच्या बाजूला. तिथे सासऱ्यांचं मिठागर होतं, पुष्कळ वर्षं बंद पडलेलं. दोन हजार दहाच्या पुढे आपल्याकडे व्हेनामी जातीची कोळंबी रुळायला लागली, तशी गावातल्या एकदोघांनी तळी खणली. यालाही सुरसुरी आली. कंपनी सोडली, मिठागराच्या जागी तळं खणलं, पाणी घुसळायला एअरेटर बसवले, बांधावर पत्र्याची खोली उभी केली. "रात्रीची राखन करायला कोनतरी लागतं," म्हणाला. कोणतरी म्हणजे तोच. आठवड्यातून एकदा कपडे बदलायला घरी यायचा, तेही मी धुतलेले न्यायला. जेवताना बोलणं एकच: आज त्यांनी किती खाल्लं, आज त्यांच्या पोटाला कसं आहे. ताटात मी काय वाढलंय हे त्याला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

मी सासूबाईंकडे तक्रार केली. त्या हसल्या. म्हणाल्या, "सवत केलीन म्हन तुझ्यावर. ती पन एक नाय, लाखभर." मी हसले नाही. मला ते अगदी खरं वाटलं. एखादी बाई असती तर जाऊन तिच्या झिंज्या उपटल्या असत्या. ह्यांना उपटायला झिंज्याही नव्हत्या. मिशा होत्या फक्त.

पहिलं पीक गेलं होतं. अंगावर पांढरे ठिपके पडणारा रोग आला आणि काही दिवसांत तळं संपलं. तेव्हा तो घरी आला होता, चांगला दोन महिने. मी आनंदले होते. पण ते दोन महिने तो खिडकीत बसून होता. हाक मारली तर ओ द्यायचा, जेव म्हटलं तर जेवायचा. माणूस घरात होता आणि तरी नव्हता. मेलेली सवत भिंतीवर हार घालून बसते तशा त्या माझ्या घरात येऊन बसल्या होत्या. जिवंत असताना निदान भांडता तरी येत होतं.

मग त्याने पुन्हा उमेद धरली. त्या वेळी मी त्याच्याकडून शब्द घेतला. दसऱ्याच्या सुमारास तळ्यात बी, म्हणजे कोळंबीची पिल्लं, सोडायचं होतं. मी म्हटलं, "आणि हेही गेलं तर?" तो म्हणाला, "ह्ये पीक गेलं तं तलं सोरतो. परत कंपनीत जातो, घरी राहतो. तुझी शपत." माझी शपथ घेतली म्हणजे खोटं बोलणार नाही, एवढा विश्वास अजून शिल्लक होता. त्या दिवसापासून माझ्या मनात एक हिशेब पक्का झाला. कोळंबी जगली तर नवरा त्यांचा. मेली तर माझा.

थंडी सुरू झाली आणि तळ्यावर पांढरे दोरे तरंगायला लागले.

ते दोरे म्हणजे कोळंबीची विष्ठा. एरवी ती काळपट असते आणि तळाशी जाते. आतड्याचं अस्तर सोलवटायला लागलं की ती पांढरी होते आणि पाण्यावर येते. वाऱ्याने एका कोपऱ्यात तिचा थर जमतो. नवऱ्याने फोनवर फोटो पाठवला. खाली एक शब्द नाही. मी तो लॅबमध्ये उभी राहून पाहिला. पहिली गोष्ट मनात आली ती अशी: घरी येणार हा. मी फोन पालथा ठेवला आणि समोरच्या माणसाचं रक्त घ्यायला लागले. हात अगदी स्थिर होता.

दुसऱ्या दिवशी तो स्वतःच लॅबमध्ये आला. हातात स्टीलचा डबा. मला वाटलं, माझ्यासाठी काही आणलं असेल. झाकण उघडलं तर बर्फात ठेवलेल्या त्या. म्हणाला, "तू बग. मना दुसऱ्या कोनावर भरोसा नाय."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. इतक्या वर्षांत मला डोकेदुखीची गोळी कधी आणून दिली नाही, आणि सवतीचं आतडं तपासायला माझ्याकडे! पण "दुसऱ्या कोनावर भरोसा नाय" हे वाक्यही तिथेच कुठेतरी लागलं. तळ्यावर खाद्याच्या कंपन्यांची माणसं यायची, त्यांना सगळे डॉक्टर म्हणायचे, आणि घरी हा त्यांचीच वाक्यं ऐकवायचा. आज त्या सगळ्यांना सोडून तो माझ्या टेबलापाशी उभा होता. मत्सर कसा असतो बघा, त्या डॉक्टरांवरचा माझा मत्सर कोळंबीवरच्या मत्सरावर कुरघोडी करून गेला. मी डबा आत घेतला.

आमच्या लॅबचे डॉक्टर भले. त्यांनी नको म्हटलं नाही, फक्त दुपारी गर्दी नसताना करा म्हणाले. कॉलऱ्याच्या तपासणीला लागणारं, जंतू वाढवून बघायचं हिरवं माध्यम आमच्याकडे असायचं. कोळंबीला छळणारे जंतू त्याच गणगोतातले. मी दोऱ्याएवढं ते आतडं सोडवलं, घोटून बारीक केलं, पातळ केलं, प्लेटवर पसरलं. दुसऱ्या दिवशी प्लेट उघडली तर सांडलेल्या साबुदाण्यासारखे ठिपके, काही पिवळे, काही हिरवे; हिरवे जास्त वाईट. मोजायचं कारणच नव्हतं. आत त्या जंतूंनी घर केलं होतं आणि बाकी कोणाला जागा ठेवली नव्हती.

त्या निमित्ताने मी जे मिळेल ते वाचलं. आपल्याला एखादा रोग होऊन गेला की शरीर त्या जंतूला ओळखून ठेवतं, म्हणून लस चालते. कोळंबीकडे तशी अँटिबॉडी नसते. तिला जे राखतं ते आतड्याचं अस्तर, आणि त्यावर वस्ती करून राहिलेले निरुपद्रवी जंतू. ते जागा अडवून बसलेले असले की वाईटांना पाय ठेवायला मिळत नाही. आतडं सगळ्या तऱ्हेच्या जंतूंनी भरलेलं असावं, आणि कोणी एकाने माजू नये. वाचताना माझ्या मनात आलं, आमच्या घरातही हेच झालंय. एकच काय ते माजलंय.

मी त्याला खुर्चीत बसवलं आणि पेशंटला विचारतात तसं विचारलं, "खायला काय काय देतोस?"

तो सांगत गेला आणि माझा तीळपापड होत गेला. खाद्य दिवसातून चारदा. त्यात तीन वेगवेगळ्या कंपन्यांच्या प्रोबायोटिकच्या, म्हणजे चांगल्या जंतूंच्या, पावडरी. लसूण वाटून. हळद. दही. व्हिटॅमिन. गूळ आणि कोंडा आंबवून केलेलं पाणी, ते तळ्यात वेगळं. मी म्हटलं, "एवढं सगळं कोणी सांगितलं?" तर कोणी एकाने नाही. तिकडे बांधावर रीत अशी की कोणीही तळं बघायला आलं की रिकाम्या हाताने येत नाही. आपल्या तळ्यात जे लागू पडलं त्यातलं थोडं घेऊन येतो आणि "ह्ये टाकून बग" म्हणून हातात देतो. ते ठेवून दिलं तर त्याचा अपमान. माझ्या नवऱ्याने कोणाचाच अपमान केला नव्हता. ज्याने जे दिलं ते त्याने त्यांच्या पोटात घातलं होतं. न खाल्लेलं तळाशी कुजत होतं, त्यावर तेच वाईट जंतू पोसत होते, आणि ते पुन्हा त्यांच्याच आतड्यात जात होते.

आता खरी गोष्ट सांगते. त्या क्षणी मी गप्प बसू शकले असते. "काही कळत नाही बुवा" एवढं म्हटलं असतं, की त्याने घाबरून आणखी दोन पावडरी घातल्या असत्या आणि आठवड्याभरात तळं रिकामं. शपथ माझी होती, नवरा माझा झाला असता. पण मला तो खिडकीतला माणूस आठवला. तो मला परत नको होता. मला नवरा हवा होता, त्यांचं सुतक नको होतं. आणि दुसरंही एक होतं, ते का लपवू? या सवतीला काय औषध द्यायचं हे मी ठरवणार होते, आणि औषध माझ्या फार मनासारखं होतं.

मी म्हटलं, "उपाशी ठेव."

त्याचं तोंड उतरलं. "कोनाला?"

"त्यांना. दोन दिवस एक दाणा नाही. गुळाचं पाणी बंद, दही बंद, सगळ्या पावडरी बंद. एअरेटर चालू ठेव, तळाचा गाळ ओढून काढ, पाणी बदल. मग अर्धं खाद्य, आणि एकच कुठलंतरी प्रोबायोटिक. एकच."

"मरतील त्या."

"तळाशी शेवाळं असतं, बारीक किडे असतात. खातील. लाड कमी झाले म्हणून कोणी मरत नाही. मी कुठे मेले?"

शेवटचं वाक्य त्याला ऐकू गेलं नाही. तो आधीच त्यांच्या काळजीत बुडाला होता. हा माणूस त्यांना उपाशी ठेवणार नाही, हे मला तिथेच कळलं. मी लॅबमध्ये रजा टाकली, चार कपडे पिशवीत घेतले आणि त्याच्या मोटरसायकलवर मागे बसून तळ्यावर राहायला गेले. खाद्याच्या गोणी पत्र्याच्या खोलीला लागून असलेल्या कोठीत होत्या. कोठीला कुलूप लावलं आणि किल्ली मंगळसूत्रात अडकवली.

इतक्या वर्षांत मी तिथे मुक्कामाला प्रथमच जात होते. माझी सवत राहते कुठे, ते नीट पाहून घेतलं. हिरवट तपकिरी पाणी, एअरेटरचा फेस, बांधावर बगळे टपून बसलेले. बगळ्यांबद्दल मला एकदम आपुलकी वाटली.

पहिल्या दिवशी तो बांधावरून नुसत्या येरझारा घालत होता. मी पिठलं-भाकरी केली. तो जेवेना. म्हणाला, "त्या उपाशी हायत, मना घास नाय उतरत." हे ऐकून माझ्या अंगाचा जो भडका उडाला तो आजही आठवला की कान तापतात. दर वटपौर्णिमेला मी ह्याच माणसासाठी दिवसभर उपाशी राहते. त्या दिवशी हा सकाळी पोहे खातो, दुपारी जेवतो आणि वर मला विचारतो, तुझ्या वाटणीचा आंबा-फणस उरलाय का. मी त्याची भाकरी त्याच्यासमोर बसून खाल्ली. दोन्ही.

दुसऱ्या दिवशी दुपारी माझा जरा डोळा लागला. उठले तर हा गायब. बाहेर येऊन बघते तर लांबच्या कोपऱ्यात पाण्याकडे वाकून उभा. मी हाक मारली तसा दचकून वळला आणि शर्टाच्या खिशातून खाद्याचे दाणे बांधावर सांडले. कुलूप लावायच्या आधीच त्याने मूठभर काढून ठेवलं होतं. लग्नाच्या नवऱ्याला दुसरीकडे पकडल्यावर बायका काय करतात ते मला माहीत नाही. मी त्याचा खिसा उलटा केला, झटकला, आणि त्याला खोलीकडे घेऊन आले. तो मुकाट आला. वाटेत एवढंच म्हणाला, "थोरंसंच टाकलं." मी म्हटलं, "थोडंसंच सगळ्यांनी दिलं होतं तुला."

त्या उपवासाने आणि गाळ काढल्याने पांढरे दोरे कमी झाले. एका सकाळी कोपरा स्वच्छ दिसला. त्याने ट्रे ओढला, एक कोळंबी धरली, उजेडासमोर नेली. आणि मग ती माझ्यासमोर धरून म्हणाला, "बग!" रेघ फिकी होती, पण सलग होती. मी परत जाऊन प्लेट लावली. ठिपके पुष्कळ कमी झाले होते, आणि हिरवे तर जवळजवळ नाहीसे झाले होते. त्याला कळवलं तर फोनवर तो रडला. माझ्या वडिलांच्या आजारपणात मला धीर देताना हा रडला नव्हता. मी म्हटलं, "बरं झालं," आणि फोन ठेवला. बरं झालं होतंच. मला बरं वाटत नव्हतं, एवढंच.

फेब्रुवारीत पीक निघालं. जाळी, बर्फ, गाड्या, आरडाओरडा. पळस्प्याकडून आलेला व्यापारी कोळंबी हातात घेऊन माल चांगला आहे म्हणाला, आणि माझा नवरा येईल त्याला सांगत होता, "आमच्या हिने वाचवल्या." सगळे माझ्याकडे कौतुकाने बघत होते. मी लाजून हसले वगैरे नाही. मनात म्हटलं, सवतींनो, शर्यत जिंकलात तुम्ही, आणि घोडा मी झाले.

त्या दिवशी एक टोपली घरी आणली. आमसुलाचं आंबट घालून कालवण केलं, तांदळाची भाकरी केली. नवरा स्वतःच्या तळ्यातली कोळंबी खात नाही. त्याने वरण-भात घेतला. मी मात्र कोळंबी ओरपून खाल्ली, बोटं चाटून खाल्ली, पुन्हा वाढून घेतली. चव उत्तम होती. सवतीबद्दल तेवढं मान्य करायला हरकत नाही.

जेवताना त्याने बोलायला सुरुवात केली. शेजारचं तळंही मिळण्यासारखं आहे. बीवाल्याशी बोलणं झालंय. आता पोटाचं सगळं कळलं आहे, तर पुढच्या वेळी भीती नाही. तू आहेसच बघायला. माझ्या हातातला घास तसाच राहिला.

मी म्हटलं, "मी आज सकाळपासून काही खाल्लं होतं का?"

तो गोंधळला. "काय म्हाईत."

"काल?"

"काय झालं तुला?"

"त्यांच्या पोटात किती आहे ते तुला उन्हात धरून कळतं. माझं कधी कळत नाही?"

तो रागावला नाही. खरंच विचार करून म्हणाला, "त्यांना तोंड नाय गं. म्हनून बगावं लागतं. तुला तोंड हाय. तू सांगतस."

एवढं साधं उत्तर मी अपेक्षिलं नव्हतं. इतकी वर्षं हा बघेल, ह्याला कळेल, म्हणून मी वाट पाहत होते, आणि हा मी सांगेन म्हणून निर्धास्त होता. अजूनही मला वाटतं की सांगावं लागलं यातच मी हरले. पण सांगितलं. ताटावर बसून, खरकट्या हाताने, एकदम सांगितलं, "मला तू घरी हवा आहेस. रोज. पीक आलं तरी हवा आहेस, गेलं तरी हवा आहेस."

त्याला ते लागलं, हे दिसत होतं. त्याने वरणभातावर बोट फिरवलं. मग म्हणाला, "तलं आता सुकवायचं हाय. माती तडकेपरयंत बी सोरता येत नाय. तवर मी हितंच हाय, रोज. कुटं जात नाय."

आपल्या परीने त्याने सगळं देऊन टाकलं होतं, हे मला कळत होतं. त्यांना नको असलेले दिवस त्याने माझ्या ओंजळीत टाकले होते, आणि ते देताना त्याचा चेहरा इतका मायेचा होता की मी भांडूही शकले नाही. मी "बरं" म्हटलं. त्या रात्री तो घरी झोपला, दुसऱ्या रात्रीही झोपला. सकाळी मी उठून चहा टाकायच्या आधी गॅलरीत गेले आणि खाडीच्या दिशेला बघितलं. कुठेतरी ढग असावा, एखादी वेळेआधीची सर यावी, तिकडचा चिखल आणखी काही दिवस ओला राहावा, असं फार वाटत होतं. आभाळ निरभ्र होतं आणि ऊन आत्तापासूनच कडक पडलं होतं.